माजघरातून चव्हाट्यावर

वर्धापनदिन जवळ आला की आपल्या मंडळात पहिला प्रश्न निघतो तो नाटुकल्याचा. हळदीकुंकू, पाककृतींची स्पर्धा, मुलांची बक्षिसे ही सारी ठरलेलीच असतात. परंतु भगिनींची खरी चढाओढ असते ती नाटुकल्यात काम मिळावे म्हणून. काही वर्षांपूर्वी आपण असेच एक प्रहसन बसविले होते. त्यात नवरा पिऊन घरी येतो, बायकोच्या थोबाडीत देतो, आणि मग ती लाटणे घेऊन त्याच्या मागे धावते. सभागृह हसून हसून बेजार झाले. तिसऱ्या रांगेतली आमची एक शेजारीण मात्र हसली नाही. मुलाला बरे नाही असे काहीसे पुटपुटत ती मध्येच उठून गेली.

तिच्या घरी काय चालते हे आम्हां जिन्यावरच्या साऱ्यांनाच ठाऊक होते. रात्री भिंतीपलीकडून आवाज आला की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवीत असू. "दुसऱ्याच्या घरातली भांडणे, आपण कशाला मध्ये पडा?" हे आमचे ठरलेले उत्तर. त्या दिवशी मात्र मनाला चुटपुट लागली. नाटकातून बाईचा मार हसण्यावारी नेता येतो. मग त्याच नाटकातून तो चारचौघांसमोर उभा करून, 'हे थांबलेच पाहिजे' असे म्हणता येणार नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईच्याच भगिनींनी चाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. ती हकीकत आपल्या मंडळातील तरुण सभासदांना फारशी माहीत नसावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ जरा मागे जाऊन करावा लागेल. मराठी रंगभूमीने स्त्रीच्या दुःखाकडे पाठ फिरविली होती असे कोणी म्हणू नये. 1899 साली गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले, आणि पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याच्या चालीवर साऱ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. बालविवाहाच्या 1929 सालच्या कायद्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणतात, आणि तो या नाटकावरून ओळखला जातो अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ते नाव हा कायदा विधिमंडळात आणणारे हरविलास सारडा यांच्या आडनावावरून पडले. पण अशी समजूत व्हावी, यातच त्या नाटकाचे यश आहे.

तथापि शारदेचे दुःख बोलून दाखविणारा नट पुरुष होता. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल टाकणे हाच त्या काळी मोठा गहजब. हिराबाई पेडणेकर यांनी 1912 साली 'दामिनी' हे नाटक लिहिले, तेव्हा लेखणी तरी बाईच्या हाती आली. पुढे 1933 च्या 1 जुलैला 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. बायकोकडून जी शुद्धता मागता, ती नवऱ्याकडून का मागू नये, हा त्या नाटकातला रोकडा सवाल; आणि त्यातली स्त्रीपात्रे ज्योत्स्नाबाई भोळे, पद्माबाई वर्तक अशा स्त्रियांनीच वठविली. नाटक मूळचे नॉर्वेतील ब्यर्नसन या लेखकाचे होते. पण प्रश्न घरोघरचाच होता.

आता थोडे माजघरात डोकावू. नाटककंपन्यांनी बाईला दार बंद केले होते, तेव्हा ती नाटकावाचून राहिली होती काय? मुळीच नाही. मंगळागौरीच्या जागरणात सासू-सुनेची सोंगे कोण आणीत असे? भोंडल्याच्या गाण्यांतून सासरचा जाच फेर धरून कोण सांगत असे? पहाटे जात्यावर बसून भावाच्या नावाने मन मोकळे करणारी ती कोण? आपल्या आज्या-पणज्याच ना! कोणी पदर कमरेला खोचून सासू होई, कोणी डोक्याला मुंडासे गुंडाळून सासरा होई. दुःख हसत खेळत सांगण्याची ही विद्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. उणीव एकच होती. ते खेळ बायकांनी बायकांपुरते खेळावयाचे. उजाडले की पुन्हा चूल, पुन्हा तोच जाच. ज्याने ऐकावयास हवे, त्याच्या कानापर्यंत ते कधी गेलेच नाही.

दुसरी परंपरा कामगारवस्तीतली. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाचे लोकनाट्य केले आणि गिरणीकामगाराचे जिणे डफावर आणि ढोलकीवर मांडले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. पडदा नको, महाल नको, भाड्याचे नाट्यगृह नको. लोक जमतील तेथे नाटक, हा धडा मुंबईने तेथे गिरविला.

या दोन्ही धारा एकत्र यावयास आणखी तीस-चाळीस वर्षे लागली. मधल्या काळात बाई घराबाहेर पडली होती. 1972 साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली अहिल्याताई रांगणेकर, गोरेगावच्या मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी मोर्चे काढले. थाळ्यांवर लाटणी वाजवीत हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांनी 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले, आणि त्याच वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली.

तेल, साखर, रॉकेल यांविषयी बाई मोठ्याने बोलू लागली. परंतु घरातल्या मारझोडीविषयी बोलावयास तिची जीभ अजून रेटत नव्हती. ती कोंडी फोडली मथुरा प्रकरणाने. विदर्भातील एका गरीब आदिवासी मुलीवर 1972 साली पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. 1979 साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाबद्दल खेद व्यक्त केला, आणि देशभर स्त्रिया खवळून उठल्या. 1980 साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. पुण्यात 1982 साली मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला. न्यायालयात पुढे तो खून म्हणून शाबीत झाला नाही. परंतु सासरी गेलेली मुलगी कोणाच्या भरवशावर जगते, हा प्रश्न सुटला नाही. नारी समता मंचाच्या भगिनींनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन ठिकठिकाणी मांडले, आणि ते पाहावयास आलेल्या बायका आपली स्वतःची कर्मकथा सांगू लागल्या.

दिल्लीतही 1979 साली जन नाट्य मंचाचे 'औरत' आणि हुंडाबळीवरचे 'ओम् स्वाहा' ही पथनाट्ये रस्त्यावर आली होती. आपल्या मुंबईत 1983 साली आले 'मुलगी झाली हो!'. लेखिका ज्योती म्हापसेकर. वास्तुशास्त्राच्या एका महाविद्यालयात त्या ग्रंथपाल होत्या, आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. नाटक करणे हा त्यांचा पोटाचा व्यवसाय नव्हता. संघटनेच्या कार्यकर्त्या हाच नटसंच. पुरुषांची कामेही बायकांनीच करावयाची.

नाटकाचे नावच पाहा. बाळंतिणीच्या खोलीबाहेर हे तीन शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत, आणि ते कोणत्या सुरात उच्चारले जातात हेही जाणतो. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी" असे समाधान. त्या पडलेल्या सुराचेच हे नाटक. जन्मापासून मुलीच्या वाट्याला येणारा दुजाभाव, शिक्षणातली आडकाठी, हुंडा, सासरचा छळ, घरकामाचे कधी न मोजले जाणारे कष्ट हे सारे त्यात गाणी, नाच आणि छोट्या छोट्या प्रवेशांतून येते. चाली आपल्या ओळखीच्या लोकसंगीतातल्या. जे माजघरात चालत होते, तेच आता चव्हाट्यावर आले. 'घरची लक्तरे चव्हाट्यावर मांडू नयेत' अशी आपल्याकडे शिकवण आहे. या भगिनींनी उलट विचारले, लक्तरे कोणी केली? ज्याने केली त्याला लाज वाटावी, की जिच्या अंगावर ती आहेत तिला?

वस्त्या, चाळी, शाळा-महाविद्यालये, गावोगावची मैदाने, जेथे बोलावणे येईल तेथे हे नाटक गेले. 1985 साली महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती यात्रा निघाली, तिच्यातही गाणी आणि नाटके हेच मोठे साधन होते. 'मुलगी झाली हो!' चे तीन हजारांहून अधिक प्रयोग झाले, आणि ते इतर भारतीय भाषांतही गेले. 'हुंडा नको ग बाई' आणि बापांच्या वागणुकीकडे बोट दाखविणारे 'बापरे बाप' ही संघटनेची आणखी नाटके.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावयाची. या भगिनी नाटक संपवून, टाळ्या घेऊन घरी गेल्या नाहीत. प्रेक्षकांतली एखादी बाई "माझेही असेच आहे" म्हणाली, तर तिला पुढे कोठे पाठवावयाचे? तोंडाला वाचा फोडावयाची आणि मग तिला वाऱ्यावर सोडावयाचे, हा तर दुहेरी छळ. म्हणून संघटनेने कुटुंब सल्ला केंद्रे चालविली. 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. गोरेगावात मृणालताईंच्या पुढाकाराने 'स्वाधार' उभे राहिले. नाटकाने दार ठोठवावयाचे, आणि दार उघडले की आत कोणी तरी बसलेले असावे, अशी ही जोडणी होती.

मग यातून साधले काय? कायद्यांची यादी मोठी आहे. 1983 साली दंडविधानात 498-अ हे कलम आले आणि सासरचा छळ हा दंडनीय गुन्हा ठरला. 1986 साली हुंडाबळीचे वेगळे कलम आले. गर्भातच मुलगी ओळखून पाडण्याच्या प्रकाराविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली आपल्या महाराष्ट्राने केला; 1994 साली केंद्राने तसा कायदा केला. 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, आणि मार खाणाऱ्या बाईला घरातून हाकलून देता येणार नाही हे त्यात लिहिले गेले. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. छळाचा गुन्हा आता तिच्या 85 व्या कलमात आहे. हे सारे एका नाटकाने केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मोर्चे, अर्ज, खटले, सभागृहातली भाषणे या साऱ्यांचे ते फळ. परंतु कायदा आपल्यासाठी आहे हे निरक्षर बाईच्या कानावर घालण्याचे काम गाण्याने आणि नाटकानेच केले.

दुसरी बाजूही झाकून ठेवू नये. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या. 2001 साली 913 झाल्या, आणि 2011 साली 894. म्हणजे नाटकाचे प्रयोग होत राहिले, कायदा झाला, आणि मुली घटतच राहिल्या. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या दर दहा विवाहित स्त्रियांपैकी सुमारे तिघींनी नवऱ्याकडून मारहाण वा जबरदस्ती झाल्याचे सांगितले. आपल्या इमारतीत दहा बिऱ्हाडे असतील, तर हा हिशेब आपणच करावा.

यावरून नाटके व्यर्थ ठरली असे कोणी समजू नये. नाटक दोन घटकांत संपते. उरलेला प्रवेश शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करावयाचा असतो, आणि तो आपण केला नाही, असा त्याचा अर्थ मी घेते.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी किती तरी महिला मंडळे आहेत. नटी आपल्याकडे आहेत, गळे आहेत, ढोलकीही आहे. बारा-पंधरा मिनिटांचे नाटुकले, सहा-सात भगिनी, आणि इमारतीचे आवार एवढ्यावर काम भागते. फक्त दोन पथ्ये पाळावीत. एक, कोणाही शेजारणीची हकीकत ओळखू येईल अशी नाटकात घालू नये. तिची अब्रू हा आपला मालमसाला नव्हे. दुसरे, नाटकानंतर अर्धा तास सर्वांनी बसावे, आणि मदत कोठे मिळते हे मोठ्याने सांगावे. महिलांसाठी मदतीचा दूरध्वनी 181, आणि जीवावर बेतले तर 112, हे दोन आकडे तरी आपल्या फलकावर कायमचे लिहिलेले असावेत.

आमच्या त्या शेजारणीविषयी सांगावयाचे राहिले. प्रहसनानंतर चार-सहा महिन्यांनी एका रात्री पुन्हा आवाज आला. या वेळी आम्ही तिघीजणी टीव्ही बंद करून जिन्यावर आलो आणि तिच्या दाराची घंटा वाजविली. काय बोलावयाचे ते ठरलेले नव्हते. दार उघडले तेव्हा मी म्हणाले, "साखर आहे का हो वाटीभर?" आवाज थांबला. मग आम्ही तेथेच बसून राहिलो. पुढे ती माहेरी गेली, सल्ला घेतला, नोकरी धरली. आज ती आपल्या मंडळाची सभासद आहे, आणि हा लेख तिने वाचून 'छापा' म्हटल्यावरच छापावयास दिला आहे.

यंदा नाटुकल्यात काम मिळावे म्हणून पहिले नाव तिनेच दिले आहे. प्रहसन यंदा नको, एवढीच तिची अट आहे.