घरातील बंदूक व तिचे काडतूस

पूर्वी कित्येक घरी ठासणीची बंदूक असे. दारू व छर्रे मोजून ठासण्याचे काम घरधन्याचेच असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार काडतूस आले आणि मोजमाप कारखान्याकडे गेले. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. पुढे 1878 च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसास परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांस मात्र सूट मिळाली. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्यात युरोपियनांस अशी सूट नाही.

धन्याकडे उरली ती काडतुसाची निवड. एका औंसात एलजीचे 6, एसजीचे 8, तर सहा नंबरचे सुमारे 270 छर्रे मावतात. मोठा छर्रा कुडाच्या वा फळ्यांच्या भिंतीतून पलीकडे जातो. बारकाचा जोर लवकर ओसरतो, तरी खोलीच्या अंतरात तोही प्राणघातकच.

आत्मसंरक्षणाचा हक्क 1860 च्या दंडविधानाने दिला व 2024 पासून अमलात आलेल्या न्याय संहितेनेही राखला. परंतु बचावास आवश्यक तेवढ्यापुरताच. म्हणून भिंतीपलीकडे आपले कोण निजले आहे, याचा विचार ज्याने आधी केला नाही, त्याच्या हाती कोणतेही काडतूस योग्य नव्हे.