स्नायू आखडतो म्हणजे नेमके काय होते?

कोपरातून हात वाकवला की दंडाचा स्नायू फुगलेला दिसतो. या साध्या दृश्याने अभ्यासकांना शतकानुशतके चकवले. एरासिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्याच्या मते स्नायूत वायुरूप तत्त्व भरते, त्याची रुंदी वाढते, म्हणून लांबी कमी होते. फुग्यासारखेच.

इटलीच्या बोरेलीने हाडांकडे तरफ म्हणून पाहिले. त्याचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मी अभियांत्रिकीच्या वर्गात तरफ शिकवतो, तेव्हा त्याचेच उदाहरण घेतो. तळहातावरचे वजन कोपरापासून सुमारे ३५ सेंमी दूर असते, तर दंडाचा स्नायू पुढच्या हाडाला कोपरापासून जेमतेम ४-५ सेंमीवर जोडलेला असतो. म्हणजे वजनाच्या सात-आठ पट बल स्नायूने लावायचे! एवढे बल येते कुठून? इथे मात्र बोरेलीही फुगण्याच्याच कल्पनेकडे वळला.

खरे तर ती कल्पना त्याआधीच मोडीत निघायला हवी होती. हॉलंडच्या स्वामरडॅमने १६६० च्या दशकात बेडकाचा स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला आणि नळीच्या बारीक टोकात पाण्याचा थेंब अडकवला. स्नायू फुगला तर थेंब वर सरकणार. चेतातंतू ओढताच स्नायू आखडला, पण थेंब वर गेला नाही. स्नायूचा आकार बदलतो, घनफळ वाढत नाही. इतका स्वस्त आणि निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो. दुर्दैवाने त्याचे हे लेखन १७३७-३८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सुमारे ५७ वर्षांनी छापले गेले.

मग आखडते काय? १८६४ मध्ये क्यूने याने स्नायूतील प्रथिनाला मायोसिन हे नाव दिले. १९४२ च्या सुमारास हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रॉब यांनी अॅक्टिन वेगळे केले. तरीही बहुतेकांची समजूत अशी होती, की प्रथिनांचे धागे स्वतःच गुंडाळले जाऊन आखूड होतात.

२२ मे १९५४ च्या ‘नेचर’मध्ये दोन निबंध पाठोपाठ आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्स्लींचे नाते नाही, विद्यार्थी हमखास घोटाळा करतात.) सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूवर गडद आणि फिकट पट्टे दिसतात. तंतू आखडताना फिकट पट्टा अरुंद झाला, गडद पट्ट्याची रुंदी मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. गडद पट्टा म्हणजे मायोसिनच्या जाड धाग्यांची लांबी. म्हणजे धागे आखूड होत नाहीत; अॅक्टिनचे पातळ धागे जाड धाग्यांमध्ये सरकतात. परीक्षेत आकृती काढताना धागे छोटे दाखवलेत, तर गुण जाणारच.

सरकवण्याचे काम मायोसिनची डोकी करतात: पकडायचे, ओढायचे, सोडायचे. गंमत अशी, की एटीपीचा नवा रेणू पकड सोडवण्यासाठी लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपते, डोकी अॅक्टिनला चिकटून राहतात आणि शरीर ताठरते.