कॅम्पातली हुरहूर

आम्ही अंबरनाथकर उल्हासनगरला अजून ‘कॅम्पात’ जातो. पडद्याचं कापड गजानंद मार्केटातून, पत्ता सांगायचा तर ‘कॅम्प तीन, बराक नंबर अमुक’. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी ही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना याच बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, नाव दिलं बदलापूरकडून येणाऱ्या नदीचं. सारं गमावून आलेल्यांच्या वस्तीला उल्हास! सरकारदरबारी असे विनोद नकळतच होतात.

शाळेत इंग्रजी शिकवताना होमसिकनेस आणि नॉस्टॅल्जिया आले, की मुलं दोन्हींपुढे ‘घरची आठवण’ लिहून मोकळी. तशी ती अगदीच चुकत नसत. १६८८मध्ये बाझलच्या योहानेस होफरने प्रबंधात नॉस्टॅल्जिया हे नाव दिलं, तेच मुळी घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराला. वाटा पुढे फुटल्या. होमसिकनेसवर औषध आहे: वसतिगृहातला बदलापूरचा पोरगा शनिवारी कर्जत लोकलमध्ये चढला की बरा. सिंधमधल्या शिकारपूरच्या माणसाने कोणती लोकल पकडायची?

पण कॅम्पातली माणसं उसासे टाकत बसली नाहीत. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी मिळेल ते विकलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही चवीने सांगायचो. त्यात थोडी असूयाही होती. आता त्यांची नातवंडं हळवी होतात ती सिंधसाठी नाही, पाडलेल्या बराकींसाठी.