कच्चे मडके

कच्चे मडके (नाम, नपुं.; बोलीत ‘कच्चं मडकं’) : चारचौघांच्या पारखीला न उतरलेली व्यक्ती. अननुभवी, भरवशाची नसलेली, हा अर्थ आज अधिक चालतो. बाई असो वा पुरुष, प्रयोग तोच : ‘ती अजून कच्चं मडकं आहे.’

या प्रयोगामागे संतचरित्रांतला एक प्रसंग सांगतात. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) तो आहे. तेरला गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. यांत पक्की मडकी कोणती नि कच्ची कोणती, असे मुक्ताबाईने विचारले. गोरोबाकाकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे निमूट बसले, नामदेव मात्र चिडले. निकाल तिथेच लागला.

कुंभाराच्या कामात थापटणे ओल्या मडक्यासाठी असते : आतून दगड धरायचा, बाहेरून थापटत आकार द्यायचा. भाजलेल्या मडक्याची पारख टिचकी मारून होते. पक्के खणखणते, तडकलेले बद्द वाजते. कथेने दोन्ही कामे एकाच हत्याराकडे दिली. मडके घडवणे आणि पारखणे तिला वेगळे करायचे नसावे.

पुढचा भाग हिंगोली जिल्ह्यात घडतो. कयाधूकाठचे नरसी हे नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते. दुखावलेले नामदेव पंढरपूरला गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा विठ्ठलाने त्यांना गुरू करायला सांगितले. परंपरेनुसार नरसीच्याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर भेटले, तेही महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथे पिंडी नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंडी उभी राहू लागली.

म्हणजे ज्यांना कच्चे ठरवले ते नवखे नव्हतेच. विठ्ठलाचे लाडके होते, आणि तोच त्यांचा ताठा होता. ‘अननुभवी’ हा आजचा अर्थ त्यामुळे मूळ प्रसंगापेक्षा उथळ आहे.

चारचौघांत एकालाच कच्चे ठरवले, म्हणून हा प्रसंग इंग्रजीतल्या ‘पाइल-ऑन’सारखा, म्हणजे जमावाने एकावर तुटून पडण्यासारखा, वाटेल. रग्बीसारख्या खेळांत पडलेल्या गड्यावर बाकीचे पडत जातात, त्याची ती आठवण. टीकेची झोड उठते ती अशीच. तेरच्या प्रसंगाला मात्र तो शब्द लागू पडत नाही. तिथे थापटणे सगळ्यांच्याच डोक्यावर पडले, निकाल कसब असलेल्या एकाने दिला आणि नामदेवांना पुढची वाटही मिळाली.

‘कच्चा लिंबू’शी गल्लत करू नये. खेळात कच्च्या लिंबाला सूट असते, तो बाद होत नाही. कच्च्या मडक्याला सूट नाही. हा प्रयोग बहुधा माणसाच्या पाठीमागे होतो. तोंडावर केला तर अपमानच समजला जातो.