दिनविशेष : ५ फेब्रुवारी
शेजारी देश एकाच मॅटवर

२०१६ : बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांचे गुवाहाटीत उद्घाटन. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान, मालदीव आणि अफगाणिस्तान असे आठ शेजारी त्यात उतरले. ज्यूदोच्या लढती शिलाँगला झाल्या.

१८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी टोकियोत कोदोकान ही शाळा काढली आणि ज्यूदो जन्माला आला. १९६४ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये आला; महिलांना पदकांसाठी मात्र १९९२ पर्यंत थांबावे लागले. प्रतिस्पर्ध्याला वेगाने आणि जोराने पाठीवर आपटले की ‘इप्पॉन’, लढत तिथेच संपते. चितपट कुस्तीवर वाढलेल्या महाराष्ट्राला हा खेळ परका वाटायचे कारणच नाही; तरीही तो आपल्याकडे उपेक्षित राहिला, हे खटकते.

२०१६ च्या याच दक्षिण आशियाई स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकले आणि रिओ ऑलिंपिकचे तिकीट मिळवले. आदिवासी पाड्यावरची मुलगी तिथवर पोहोचते, तर नाशिक रोडसारख्या शहरी भागातल्या मुलींनी ज्यूदोच्या मॅटवर का मागे राहावे? पालकांनो, मुलीने ज्यूदो शिकायचे म्हटले तर तिला अडवू नका.