स्वतःच्या डावावरील भाष्य : सोव्हिएत बुद्धिबळपरंपरेची कुळकथा

बुद्धिबळातील ज्या परंपरेला ‘सोव्हिएत’ म्हटले जाते, तिच्या यशाचे श्रेय बहुधा राज्यसत्तेच्या पाठबळाला, नाहीतर रशियन लोकांच्या उपजत बुद्धीला दिले जाते. पाठबळ मोठे होते यात शंका नाही. परंतु सत्ता आणि पैसा यांनी खेळणाऱ्यांची संख्या वाढते, १९४८ ते १९७२ या काळात जगज्जेतेपद सलग एकाच देशात राहावे एवढी गुणवत्ता त्यांतून आपोआप निर्माण होत नाही. या परंपरेच्या मुळाशी एक कष्टाची सवय आहे : संपलेला डाव पुन्हा पटावर मांडणे, आपल्याच खेळ्यांवर लेखी भाष्य करणे आणि ते भाष्य इतरांच्या टीकेसाठी खुले ठेवणे.

क्रांतीपूर्व रशियात मिखाईल चिगोरिन (१८५०–१९०८) यांनी बुद्धिबळाची नियतकालिके चालवून डावांवर लिहिण्यावाचण्याची गोडी लावली होती. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत, नागरिकांना सैनिकी शिक्षण देणाऱ्या खात्यातील बोल्शेविक अधिकारी अलेक्सांद्र इल्यिन-झेनेव्हस्की यांनी बुद्धिबळाने सैनिकाची एकाग्रता आणि निर्धार वाढतो असे प्रतिपादन करून या खेळाला त्या शिक्षणक्रमात स्थान मिळवून दिले आणि १९२० साली मॉस्कोत अखिल रशियन स्पर्धा भरवली. ती अलेक्सांद्र अलेखिन यांनी जिंकली. १९२४ पासून या खेळाची सूत्रे निकोलाय क्रिलेंको या वजनदार नेत्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी सरकारी खर्चाने मॉस्कोत आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या स्पर्धेच्या विश्रांतीच्या दिवशी तत्कालीन जगज्जेते कापाब्लांका लेनिनग्राडला जाऊन एकाच वेळी अनेक पटांवर खेळले, तेव्हा त्यांना हरवणाऱ्यांत मिखाईल बोत्विन्निक नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता.

या परंपरेला पद्धतीचे रूप दिले ते पुढे जगज्जेते झालेल्या याच बोत्विन्निक यांनी. ते विद्युत अभियंता होते आणि बुद्धिबळाची तयारी हेही संशोधनासारखेच टप्प्याटप्प्याने, पडताळा घेत करण्याचे काम आहे अशी त्यांची धारणा होती. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव तपासून त्याचा कल ओळखावा, डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची म्हणजे ‘ओपनिंग’ची मोजकी पण सखोल तयारी करावी, ती सरावाच्या डावांत वापरून पाहावी, मात्र हे डाव गुप्त ठेवावेत, स्पर्धेच्या पाच दिवस आधी बुद्धिबळ पूर्ण थांबवून मोकळ्या हवेत राहावे, म्हणजे खेळण्याची भूक टिकते. या नियमांपेक्षाही महत्त्वाचा होता तो भाष्य छापण्याचा त्यांचा आग्रह. घरी केलेल्या विश्लेषणात माणूस स्वतःला सवलत देतो, छापील विश्लेषणातील चूक मात्र कोणीही वाचक दाखवून देऊ शकतो आणि त्या धाकाने विचार काटेकोर होतो, हे त्यांचे निरीक्षण या संपूर्ण परंपरेतील सर्वांत मोलाचे मानावे लागेल.

त्या काळच्या नियमांनीही या सवयीला बळ दिले. ठरलेल्या वेळेत न संपलेला डाव तहकूब होई, म्हणजे खेळाडू आपली पुढची खेळी लिहून पाकिटात बंद करी आणि खेळ नंतर पुढे चाले. मधल्या काळात खेळाडू आणि त्याचे सहायक रात्र जागवून एकाच स्थितीचा कीस काढत, त्यामुळे अंत्यडावाचे, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरलेल्या अवस्थेचे ज्ञान असाधारण खोल झाले. मुलांसाठी ‘पायोनियर प्रासादां’त मोफत वर्ग असत, लेनिनग्राडच्या अशा प्रासादात व्लादिमीर झाक यांच्या हाताखाली स्पास्की आणि कोर्चनोई तयार झाले.

या व्यवस्थेची काळी बाजू झाकून तिचा गौरव करणे योग्य होणार नाही. तिची उभारणी करणाऱ्या क्रिलेंको यांनाच स्टालिनच्या राजवटीत १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या, आणि दडपशाहीत बळी गेलेल्या बुद्धिबळपटूंची नावे अनेक वर्षे उच्चारलीही जात नव्हती.

जगज्जेतेपद गमावल्यावर बोत्विन्निक यांनी आपली पद्धत शाळेत आणली. १९६३ साली ‘त्रूद’ या क्रीडासंघटनेच्या वतीने सुरू झालेल्या या शाळेत विद्यार्थी वर्षातून काही वेळा, थोड्या दिवसांसाठी जमत. प्रत्येकाने आपले डाव स्वतःच्या टिपणांसह सर्वांसमोर मांडायचे, चुका कुठे झाल्या ते ऐकून घ्यायचे आणि गृहपाठ घेऊन घरी जायचे. पहिल्या तुकडीतील अनातोली कार्पोव्ह यांच्याविषयी बोत्विन्निक यांचे सुरुवातीचे मत प्रतिकूल होते; परंतु गृहपाठामुळे पुस्तके उघडून स्वतंत्रपणे काम करणे भाग पडले आणि त्याचाच आपल्याला लाभ झाला, असे कार्पोव्ह यांनी पुढे नमूद केले आहे. गुरूचा अंदाज चुकला तरी पद्धत फळाला आली, हा तिच्या सामर्थ्याचा मोठाच पुरावा होय. बाकूहून आलेले गॅरी कास्पारोव्ह याच शाळेतले. ऐंशीच्या दशकात त्यांनी बोत्विन्निक यांच्यासमवेत ती चालवली, आणि त्यावेळचे विद्यार्थी व्लादिमीर क्रामनिक यांनी २००० साली लंडनमध्ये कास्पारोव्ह यांनाच हरवून जगज्जेतेपद मिळवले.

भारताशी या परंपरेचा संबंध मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातील मिखाईल ताल बुद्धिबळ मंडळामुळे आला. विश्वनाथन आनंद बालपणी तेथे खेळत. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा तिथले खेळाडू आणि प्रशिक्षक देशोदेशी विखुरले. त्यांपैकी जर्मनीत गेलेले आर्तुर युसुपोव्ह आणि इस्राएलमध्ये स्थायिक झालेले बोरिस गेलफंड हे दोघे, आनंद यांच्या पुढाकाराने २०२० साली सुरू झालेल्या अकादमीत मार्गदर्शक झाले. नागपूरचा रौनक साधवानी आणि चेन्नईचा डी. गुकेश हे तिचे विद्यार्थी. त्यांतील गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे, वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेता झाला.