पाच ताऱ्यांचा शेरा

आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून. तेव्हा फोनवरील खेळांच्या बाजाराविषयी आम्ही बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु त्या बाजारात एक गोष्ट अशी आहे, की जिच्याशी आमचा जुना परिचय आहे. ती म्हणजे शेरा.

कारखान्यात शेरा वरून खाली येतो. साहेब दोन शब्द लिहितो आणि कामगाराची बढती अडते. खेळांच्या या दुकानात मात्र शेरा खालून वर जातो. गिऱ्हाईक एक ते पाच तारे देते, दोन ओळी लिहिते, आणि कोट्यवधींची उलाढाल करणारा मालक ते वाचून दचकतो. हा अधिकार गिऱ्हाइकाच्या हाती कसा आला, निरनिराळ्या देशांत त्याने काय घडवले, आणि तो टिकावा कसा, एवढाच आजचा विषय.

ॲपल कंपनीने १० जुलै २००८ रोजी आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडले. आरंभी तेथे सुमारे ५०० ॲप होती. त्यांत खेळ पुष्कळ. या दुकानात माल हाती घेऊन पाहता येत नाही, दुकानदाराशी घासाघीस नाही. आधी कोणी घेतला असेल त्याचे मत, हाच काय तो आधार. पहिल्या काही आठवड्यांत तर माल न घेतलेल्या माणसालाही शेरा लिहिता येई. लवकरच ती मुभा बंद झाली. दुसरी मौज अशी, की खेळ फोनवरून काढून टाकताना फोनच विचारी, ‘किती तारे देता?’ म्हणजे राजीनामा देऊन निघालेल्या माणसालाच कारखाना कसा आहे हे विचारण्यासारखे! सरासरी खाली आली नसती तरच नवल. पुढे तीही रीत बंद पडली.

जेथे शेऱ्याला किंमत येते, तेथे खोटा शेरा विकणाराही येतो. अमेरिकेत रिव्हर्ब कम्युनिकेशन्स नावाची प्रसिद्धीचे काम करणारी संस्था होती. नोव्हेंबर २००८ ते मे २००९ या काळात तिच्या नोकरांनी सामान्य गिऱ्हाईक असल्याचे भासवून आपल्या अशिलांच्या खेळांची स्तुती लिहिली, असा आरोप तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने ठेवला. विक्रीतला काही हिस्साही संस्थेला मिळे. २०१० साली तडजोड होऊन ते शेरे काढून टाकण्याचे बंधन तिच्यावर आले. दुकान उघडून पुरते एक वर्षही झाले नव्हते, तोच मालकाचा माणूस गिऱ्हाइकाच्या रांगेत येऊन उभा राहिला होता. आमच्या चळवळीत अशांना काय म्हणतात, ते येथे सांगण्याची गरज नाही.

खरा शेराही नेहमी न्यायाचा असतो असे नाही. लंडनच्या असटू या मंडळीने २०१४ साली ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा सुंदर खेळ काढला. किंमत सुमारे चार डॉलर. नोव्हेंबरात त्याचे नवे भाग दोन डॉलरांस देताच कित्येकांनी एकेक तारा दिला: पुन्हा पैसे का? कर्त्यांनी आपले दुःख जाहीर बोलून दाखवले, तेव्हा चाहते धावले आणि ताऱ्यांची भरपाई झाली. कारागिराच्या मजुरीचा प्रश्न तेथे होता. पुढे त्यांनीच सांगितले, की ॲपलच्या फोनांवर सुमारे ४० टक्के, तर अँड्रॉइडवर अवघे ५ टक्के खेळच पैसे मोजून घेतलेले होते.

येथेच देशादेशांतला फरक कळतो. जेथे लोक आधी पैसे मोजतात, तेथे वाईट शेरा थेट विक्रीवर पडतो. आपल्याकडे बहुतेक खेळ फुकट घेतले जातात. कमाई जाहिरातींवर आणि आतल्या किरकोळ खरेदीवर. गूगलने २०१५ साली भारतात सर्वांत कमी किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, ती याचसाठी. असा खेळ घेताना गिऱ्हाइकाचा पैसा जात नाही, म्हणून शेऱ्याचा फटका गल्ल्याला तत्काळ बसत नाही. नवे खेळाडू येण्याचे कमी होते, आणि कमाई मागाहून आटते. चीनमध्ये गूगलचे दुकानच नाही. तेथे फोन बनवणाऱ्या कंपन्यांची निरनिराळी दुकाने आहेत, आणि २०१६ पासून टॅपटॅप हे खेळाडूंच्या अभिप्रायांवर उभे राहिलेले दुकान आहे. ॲपल प्रत्येक देशाचे तारे वेगळे दाखवते. गूगलनेही नोव्हेंबर २०२१ पासून तीच वाट धरली. म्हणजे भारतीयाचा तारा आता प्रथम भारतीयालाच दिसतो.

आपल्याकडचे उदाहरण ‘फौजी’चे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी बंगळूरच्या कंपनीने हा खेळ आणला. लाखो लोकांनी तो उतरवून घेतला. पण चमू करून परस्परांशी लढता येत नाही, म्हणून पुष्कळांनी एकेक तारा दिला आणि सरासरी थोड्याच दिवसांत घसरली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चमूची लढत खेळात आली.

याहून मोठी गोष्ट त्याच वर्षीच्या सप्टेंबरची. शांघायच्या मिहोयो कंपनीच्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाला वर्ष झाले. वाढदिवसाची भेट खेळाडूंना तुटपुंजी वाटली. देशोदेशींच्या खेळाडूंनी एकेक ताऱ्याचा मारा केला. एकमेकांचे तोंड न पाहिलेली, एक भाषा न बोलणारी माणसे एका मागणीवर उभी राहिली, आणि कंपनीने वाढीव भेटी वाटल्या. आम्हांस हे वाचून बोनसच्या लढ्याची आठवण झाली.

परंतु शिस्त नसलेला लढा वाट चुकतो. २०१७ साली आपल्याच लोकांनी स्नॅपचॅटवर रागावून स्नॅपडीलला एकेक तारा दिला. नावात साम्य, एवढाच त्याचा अपराध! दगड शेजाऱ्याच्या कौलांवर पडला.

आता कायदाही जागा झाला आहे. खोटे शेरे विकण्या-घेण्यावर अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून बंदी लागू झाली. भारतात २०२२ साली मानक ब्यूरोने अभिप्रायांसाठी मानक काढले, ते मात्र ऐच्छिक ठेवले. ऐच्छिक नियमांचे कारखान्यात काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून कायद्याची वाट पाहत बसू नये. शेरा द्यावा तो स्वतः खेळून. तक्रार काय ती नीट लिहावी. मालकाने चार फुकट नाणी देऊ केली म्हणून पाच तारे देऊ नयेत. कामगाराने आपले मत विकले तर युनियन राहत नाही. गिऱ्हाइकाने तारा विकला तर त्या दुकानात मालकाला विचारणारे कोणी उरणार नाही.